आधीं खराटा, मग कीर्तन

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडील कचेऱ्या, बँका, शाळा व महाविद्यालयें यांत एक नवा वार्षिक संस्कार रूढ होत चालला आहे. १० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला कीं नोकरवर्गास सभागृहांत गोळा करण्यांत येतें. बाहेरगांवाहून पाचारण केलेले एक वक्ते ताणतणावाचें नियोजन कसें करावें, खोल श्वास कसा घ्यावा, प्रत्येक गोष्टीची उजळ बाजू कशी पाहावी, हें तास-दीड तास समजावून सांगतात. शाल-श्रीफळ होतें, छायाचित्र निघतें, आणि अमुक इतक्या कर्मचाऱ्यांनीं लाभ घेतला असा अहवाल वर जातो. दुसऱ्या दिवशीं त्याच कचेरींत त्याच रिकाम्या जागांचें काम त्याच उरलेल्या माणसांवर पडतें. रजेचा तोच अर्ज त्याच खणांत पडून राहतो. आणि चार लोकांदेखत पाणउतारा करणारा तोच साहेब त्याच खुर्चीवर बसलेला असतो.

अशा व्याख्यानांवर प्रस्तुत लेखकाचा राग नाहीं. वक्त्यांपैकीं कित्येक सज्जन व विद्वान असतात. आमचा आक्षेप आहे तो या समारंभालाच नोकरांच्या मनाची काळजी म्हणण्यावर. ज्या गोष्टी मालकाच्या व अधिकाऱ्याच्या हातच्या आहेत, त्यांना हात न लावतां जी गोष्ट नोकराच्या हातची आहे, म्हणजे त्याचें मन, तेवढीच बदला असें सांगणें ही काळजी नव्हे, ती जबाबदारीची टाळाटाळ आहे. मनास उपदेश करण्याची आपली परंपरा मोठी आहे. समर्थांनीं तर मनालाच उद्देशून दोनशें पांच श्लोक रचले. परंतु समर्थांनीं तो उपदेश प्रथम स्वतःच्या मनास केला. आमचा अधिकारी तो हाताखालच्यांच्या मनास करितो. दोहोंतील अंतर लहान नाहीं.

याबाबत वऱ्हाडाला बाहेरचा गुरु शोधण्याचें कारण नाहीं. अमरावती जिल्ह्यांत शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगेबाबांचा क्रम सर्वांस ठाऊक आहे. बाबा गांवांत शिरले कीं प्रथम हातांत खराटा घेत, गांव झाडून काढीत, आणि मग रात्रीं कीर्तनास उभे राहत. घाण तशीच ठेवून तिच्या काठावर उभें राहून स्वच्छतेचें कीर्तन करण्याची कल्पना त्यांस सुचली नाहीं. आमच्या कचेऱ्यांनीं बाबांची तसबीर भिंतीवर लाविली, कीर्तनही उचललें. खराटा तेवढा खालीं ठेविला. या लेखांतील सर्व म्हणणें एवढेंच आहे कीं क्रम पूर्वीचा असावा : आधीं खराटा, मग कीर्तन.

मुद्दा नीट कळावा म्हणून एक भेद आरंभींच केला पाहिजे. मनाचे कांहीं आजार असे आहेत कीं ते कोणासही, कोठेंही, सुखाच्या नोकरींतही होतात. त्यांस वैद्य पाहिजे, औषध पाहिजे, रजा पाहिजे, आणि बरें होऊन परत आल्यावर पूर्वीचीच खुर्ची पाहिजे. दुसरा प्रकार कामामुळेंच उत्पन्न होणाऱ्या क्लेशाचा : अपुरी झोप, अनिश्चित पगार, न संपणारें काम, रोजची मानहानि, आणि दाद मागण्यास जागा नसणें. यांतून माणूस खंगतो, चिडतो, घरांत अबोल होतो, आणि कधीं कधीं जिवासही मुकतो. पहिल्या प्रकारास कायद्यानें कांहीं आधार दिला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालीं झाला व २०१८ च्या मे महिन्यांत अंमलांत आला. उपचार मिळणें हा त्यानें हक्क ठरविला, आणि मनाच्या आजारास शरीराच्या आजाराप्रमाणेंच विम्याची सोय असावी असें बजावलें. दिव्यांग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्यानें सेवेंत असतांना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी नोकरास त्या कारणावरून काढून टाकण्यास बंदी केली, आणि मानसिक आजार त्या कायद्याच्या यादींत आहे. दुसऱ्या प्रकाराविषयीं, म्हणजे मालकानें कामाची मांडणी कशी करावी कीं तिनें माणसाचें मन मोडूं नये, याविषयीं या दोन्ही कायद्यांत फारसें कांहीं सांपडत नाहीं. आमचा वाद या दुसऱ्या प्रकाराचा आहे.

या वादाला उदाहरण हवें असेल तर तें दूर नाहीं. अकोटच्या उत्तरेस सातपुड्याची जी निळी रांग दिसते, तींतच मेळघाट व्याघ्रप्रकल्प आहे. त्या प्रकल्पाचा एक वन्यजीव विभाग अकोटच्याच नांवाचा आहे. त्याच प्रकल्पांतील हरिसाल येथील वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनीं २५ मार्च २०२१ रोजीं आपल्या शासकीय निवासस्थानीं जीवन संपविलें. मागें ठेवलेलें त्यांचें पत्र सर्व महाराष्ट्रानें वर्तमानपत्रांत वाचलें. वरिष्ठाकडून होणारी शिवीगाळ व अपमान, अडविलेली रजा, रोखलेलें वेतन, गरोदरपणींही करावी लागलेली जंगलांतील पायपीट, या तक्रारी त्या पत्रांत होत्या. आणि या गोष्टी आपण वरच्या अधिकाऱ्याच्या कानांवर पूर्वींच घातल्या होत्या, असेंही त्यांत होतें. पुढें एक उपवनसंरक्षक अटकेंत गेला, एक वरिष्ठ अधिकारी निलंबित झाला. दोषनिर्णय हें न्यायालयाचें काम आहे. त्यांत आम्ही शिरत नाहीं. आमचा प्रश्न व्यवस्थेविषयीं आहे.

हरिसाल हें २०१६ पासून 'डिजिटल गांव' म्हणून गाजलेलें गांव. तेथून जगांत कोठेंही संदेश क्षणांत पोंचावा अशी सोय करण्याचा संकल्प मोठ्या थाटानें सोडलेला होता. परंतु एका राजपत्रित अधिकारी स्त्रीची तक्रार तिच्याच खात्यांत दोन पायऱ्या वर चढून फळास येऊं शकली नाहीं. याचें कारण उघड आहे. ज्या शिडीनें त्रास खालीं उतरतो, त्याच शिडीनें तक्रारीनें वर चढावें अशी आमच्या खात्यांची रचना आहे. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणें, त्याच्याच मार्फत अर्ज, त्याच्याच हातीं गोपनीय अहवाल, त्याच्याच सहीची रजा. अशा ठिकाणीं मनाला खंबीर करण्याचे वर्ग भरवून काय होणार? हरिसालच्या अधिकारी स्त्रीचें मन दुबळें होतें असें म्हणण्याचें धाडस कोण करील? रात्रीं-अपरात्रीं जंगलांत गस्त घालणारें, शिकारी व लांकूडचोर यांना तोंड देणारें तें मन होतें. वाघाच्या रानांत न डगमगलेलें मन कचेरीच्या कारभारापुढें हरलें. दोष मनाचा कीं कारभाराचा?

येथें एक पूर्वींचा धडा स्मरणांत ठेवण्यासारखा आहे. कामाच्या जागीं स्त्रियांची होणारी लैंगिक छळणूक हीसुद्धां एके काळीं त्या त्या स्त्रीची खाजगी अडचण समजली जात असे. सोसावें, नाहीं तर सोडावें, हाच सल्ला. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें विशाखा प्रकरणांत ती मालकाची जबाबदारी ठरविली; २०१३ सालीं तिचा कायदा झाला; आणि दहा किंवा अधिक माणसें जेथें काम करितात तेथें अंतर्गत समिति नेमणें भाग पडलें. ती समिति अनेक ठिकाणीं कागदावरच असते हें खरें. पण गाऱ्हाण्याला शिडीबाहेरचें एक दार असावें हें तत्त्व मान्य झालें. शिवीगाळ, जाणूनबुजून केलेली मानखंडना, सूड म्हणून अडविलेली रजा व पगार, यांसाठीं तसें दार अद्याप नाहीं. अपमान लैंगिक असेल तर समिति, आणि निव्वळ अपमान असेल तर प्राणायाम, ही विभागणी कोणत्या न्यायांत बसते?

दुसरें उदाहरण एस.टी.चें. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. अकोटच्या आगारापासून मुंबईपर्यंत गाड्या उभ्या होत्या. प्रवाशांचे हाल झाले, त्याबद्दल लोक चिडलेही. विलीनीकरणाची मागणी योग्य होती कीं नाहीं, यावर दोन मतें असूं शकतात. परंतु त्या संपापूर्वीं व संपाच्या काळांत राज्यभर कित्येक चालक-वाहकांनीं आत्महत्या केल्या, आणि त्याच्या मागें महिनोन्‌महिने रखडलेला तुटपुंजा पगार होता, यावर दोन मतें नाहींत. ज्याच्या हातीं पन्नास प्रवाशांचे प्राण, त्याच्या घरीं किराण्याची उधारी थकलेली. अशा माणसास सकारात्मक विचारांची पुस्तिका वांटणें ही थट्टा आहे. पगार ठरलेल्या तारखेस होणें हेंच मनाचें पहिलें औषध आहे, आणि तें कोणत्याही औषधाच्या दुकानांत मिळत नाहीं. तें फक्त मालकाजवळ असतें.

आतां आमच्याविरुद्ध जे आक्षेप घेण्यांत येतात त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप आपल्या सुशिक्षित घरांतून नेहमीं ऐकूं येतो : "आमच्या पिढीनें काय कमी सोसलें? आम्हांला कधीं ताण आला नाहीं. हल्लींचीं मुलेंच नाजुक." सोसलें हें खरें. पण सोसण्याचा हिशेब कोणीं ठेविला? निवृत्तीनंतर वर्षा-दोन वर्षांत गेलेले हेडक्लार्क, रोज संध्याकाळीं दारूच्या आधारावर घरीं पोंचणारे कारकून, कचेरींतील राग ताटावर काढणारे वडील आणि तो राग मुकाट्यानें गिळणाऱ्या आया, हा त्या सोसण्याचाच जमाखर्च नव्हे काय? ताण नव्हता असें नाहीं. त्याला नांव नव्हतें, आणि त्याची किंमत घरांतील दुसरीं माणसें भरीत होतीं.

शिवाय मागील पिढ्यांनीं नुसतें सोसलें हेंही खरें नाहीं. जे खरे शहाणे होते त्यांनीं झगडून कामाचे तास कमी करून घेतले. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांच्या वतीनें ज्या मागण्या केल्या त्या पाहाव्या : आठवड्याची एक सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत, आणि कामावर इजा झाल्यास भरपाई. यांत मनःशांतीचें व्याख्यान एकही नाहीं. पण कामगाराचें मन ज्या चार गोष्टींनीं शांत राहील त्या चारही आहेत. १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. आज आपण ज्या रविवारीं आरामखुर्चींत बसून नव्या पिढीच्या नाजुकपणावर टीका करितों, तो रविवार कोणाच्या तरी तक्रारीचें फळ आहे. पुढें डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूरमंत्री असतांना त्यांनीं मांडलेल्या १९४६ च्या दुरुस्तीनें बारमाही कारखान्यांतील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगाराची सहनशक्ति वाढविण्याचा नव्हे, त्याचें ओझें कमी करण्याचा तो मार्ग होता.

त्या मार्गावरून आपण आतां मागें वळत आहों कीं काय, अशी शंका येते. ३ सप्टेंबर २०२५ रोजीं राज्याच्या मंत्रिमंडळानें कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकानें-आस्थापनांतील ९ वरून १० तासांवर नेण्यास मान्यता दिली. जादा कामाची तिमाही मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचें ठरलें. कामगाराची संमति घ्यावी, जादा मोबदला द्यावा, असें सांगण्यांत येतें. पण ज्याच्या दाराशीं त्याच्या जागेसाठीं दहा जण उभे आहेत, त्याच्या संमतीला संमति म्हणणें हा शब्दांचा खेळ आहे. एका हातानें दिवस लांबवावा आणि दुसऱ्या हातानें मानसिक आरोग्याचें पत्रक वांटावें, हें एकाच सरकारनें करणें शोभत नाहीं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : "इतकें लाड केलें तर काम कसें व्हावयाचें?" याला उत्तर आमच्याच राज्यांतील पोलिसांनीं दिलें आहे, आणि पोलिसांइतकें अवघड काम दुसरें कोणतें? १२-१२ तास व त्याहूनही अधिक काळ उभें राहणें हें तेथें विधिलिखित समजलें जात असे. मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यांतील एका शिपायानें, उपलब्ध माणसांत आठ तासांच्या पाळ्या कशा बसतील याचा तक्ता स्वतः बसून तयार केला. तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनीं तो ऐकून घेतला, आणि मे २०१६ मध्यें त्या ठाण्यांत प्रयोग सुरू झाला. पुढें तो शहरांतील इतर ठाण्यांत पसरला. २०२१ सालीं स्त्री-पोलिसांसाठीं आठ तासांची पाळी नागपूर शहर, अमरावती शहर व पुणे ग्रामीण येथें प्रथम सुरू झाली. या गोष्टीचें मर्म दोन शब्दांत आहे. उपाय तक्त्यांत होता, आणि तो ज्याला त्रास होतो त्यालाच सुचला. साहेबाचें मोठेपण एवढेंच कीं त्यानें शिपायाचें ऐकलें. आमच्या किती कचेऱ्यांत शिपायानें केलेला तक्ता साहेबाच्या टेबलापर्यंत पोंचूं शकेल?

पैशाचा हिशेबही एकांगी मांडूं नये. नैराश्य व चिंता यांमुळें जगांत दरवर्षीं सुमारें १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात, आणि एक लाख कोटी डॉलरांच्या घरांत नुकसान होतें, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या संघटनेनें २०२२ सालीं यासंबंधीं जे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले, त्यांत कामाच्या रचनेंतच बदल करणें आणि अधिकाऱ्यांना शिक्षण देणें यांवर भर आहे. लक्षांत घ्यावें कीं अधिकाऱ्यांना शिक्षण. आमच्याकडे सभागृहांत नोकर बसतात, आणि साहेब व्यासपीठावर.

तिसरा आक्षेप साहेबांचा स्वतःचा असतो : "जबाबदारी आमच्या डोक्यावर, खरा ताण आम्हांलाच. तुम्ही पांच वाजतां सुटलांत." वरकरणी हें पटण्यासारखें आहे. परंतु लंडनच्या सरकारी नोकरांचा १९८५ पासून चाललेला 'व्हाइटहॉल' अभ्यास प्रसिद्ध आहे. दहा हजारांहून अधिक कर्मचारी त्यांत होते, आणि सर मायकेल मार्मट व त्यांचे सहकारी यांस असें दिसून आलें कीं ज्यांस आपल्या कामावर स्वतःचा ताबा कमी, त्यांस हृदयविकाराचा धोका अधिक. ओझें जड असून तें कसें उचलावें हें ठरविण्याची मुभा असेल तर माणूस टिकतो. पण कोणत्या क्षणीं कोणतें ओझें पाठीवर पडेल हेंच ठाऊक नसेल तर हलक्या ओझ्यानेंही तो मोडतो. आपल्याकडील कारकुनाला, शिक्षकाला, तलाठ्याला हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. रात्रीं अकरा वाजतां व्हॉट्सॲपवर "उद्यां सकाळीं दहापर्यंत माहिती सादर करावी" असा हुकूम येतो, तेव्हां त्यास तें प्रत्यक्ष कळतें.

चौथा आक्षेप सर्वांत प्रतिष्ठित आहे : "मन ज्याचें त्यानें सांभाळावें. योग आहे, ध्यान आहे, छंद आहेत." योगाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे, आणि ज्यास त्यानें लाभ होतो त्यानें तो अवश्य करावा. परंतु मालकानें करविलेल्या अशा उपायांचा हिशेब कोणी घेतला आहे काय? घेतला आहे. ऑक्सफर्ड येथील विल्यम फ्लेमिंग यांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ नोकरांची माहिती तपासली. ध्यानाचे वर्ग, चिवटपणाचें शिक्षण, तणाव-नियोजन, मनःस्वास्थ्याचीं मोबाइल-ॲप, यांत भाग घेतलेले नोकर भाग न घेतलेल्यांपेक्षां अधिक सुखी आढळले नाहींत. अपवाद म्हणून कांहीं लाभ दिसला तो दुसऱ्यासाठीं स्वयंसेवा करण्याची संधि मिळालेल्यांत. म्हणजे जें कीर्तन आपण मोठ्या कौतुकानें आणविलें, तें ज्या देशांत जोरांत चालतें तेथेंही खराट्यावांचून फुकट जात आहे.

पुण्यांतील गोष्ट अनेकांच्या स्मरणांत असेल. एका बड्या हिशेबतपासणी संस्थेंत नुकतीच लागलेली २६ वर्षांची सनदी लेखापाल तरुणी जुलै २०२४ मध्यें मरण पावली, आणि कामाच्या अति ओझ्यानें ती गेली असें तिच्या आईनें त्या संस्थेच्या प्रमुखास लिहिलेलें पत्र सप्टेंबरांत देशभर वाचलें गेलें. संस्थेनें तें कारण मान्य केलें नाहीं. तथापि त्या पत्रानें हजारों घरांत जी कळ उठली तिचा अर्थ काय? प्रत्येक घरांत असा एक मुलगा किंवा मुलगी आहे, जी पुण्यास वा बेंगळुरूस असते, जी फोनवर "ठीक आहे" म्हणते, आणि जिच्या आवाजावरून आईला कळतें कीं ठीक नाहीं. जपाननें अति कामानें येणाऱ्या मृत्यूस 'करोशी' असें नांव दिलें, २०१४ सालीं त्याच्या प्रतिबंधाचा कायदा केला, आणि पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं वर्षांतून एकदां ताणाची तपासणी २०१५ पासून सक्तीची केली. तेथेंही सर्व आलबेल नाहीं. परंतु त्यांनीं मृत्यूचें कारण मृताच्या स्वभावांत शोधणें थांबविलें. आपण अद्याप तेथवरही आलों नाहीं.

पांचवा आक्षेप तालुक्याच्या गांवांतला : "हें सर्व मोठ्या शहरांचें. येथें मानसोपचाराचे डॉक्टर कोठून आणावे?" अडचण खरी आहे. अकोटहून अकोला पंचेचाळीस किलोमीटर, आणि मनोरुग्णालय म्हणाल तर थेट नागपूरला. पण उपाय मोठ्या शहरांतच असतो हें खरें नव्हे. त्याचा पुरावा शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतच आहे. तेथील तीस खेड्यांत 'विश्राम' नांवाचा एक उपक्रम झाला. गांवांतल्याच साध्या माणसांना शिकवून त्यांच्या मार्फत नैराश्यग्रस्तांपर्यंत पोंचावयाचें, आणि गरजेनुसार डॉक्टरांकडे पाठवावयाचें, अशी त्याची रीत होती. २०१७ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : नैराश्य असलेल्यांपैकीं उपचारापर्यंत पोंचणारे आधीं शेंकडा चार-साडेचार होते, ते दीड वर्षानें शेंकडा सत्तावीस झाले, आणि जीव द्यावा असा विचार मनांत येणाऱ्यांचें प्रमाण निम्म्यावर आलें. ज्या खेड्यांत हें होऊं शकलें, तेथून तालुक्याची कचेरी कांहीं दूर नाहीं. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनि-सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथें मराठींत बोलतां येतें. व्याख्यानाच्या फलकाऐवजीं हा क्रमांक प्रत्येक कचेरीच्या हजेरीपटाशेजारीं लावला तरी अधिक उपयोग होईल. मात्र समुपदेशकानें रोग्यास धीर द्यावा आणि कचेरीनें त्याच रोग्यास रोज नव्यानें आजारी पाडावें, हा व्यवहार फार दिवस चालणार नाहीं.

तालुक्याच्या गांवचे ताण निराळेही असतात. निम्मे शिक्षक व कर्मचारी रोज अकोल्याहून जा-ये करितात. ऑक्टोबर २०२२ मध्यें गांधीग्राम येथील पूर्णेवरचा जुना पूल धोक्याचा ठरून बंद झाला, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांस लांबचे वळसे घ्यावे लागले. पूल बंद आहे ही गोष्ट हजेरीपटांत मावत नाहीं. तेथें फक्त "उशीर" एवढाच शब्द मावतो. पुढच्याच महिन्यांत आगगाडी सुरू झाली तेव्हां जो दिलासा मिळाला, तो कोणत्याही व्याख्यानानें मिळाला नसता. घरीं पोंचण्याची वेळ ठरलेली असणें हें मनाचें स्वास्थ्य आहे.

आणि महाविद्यालयांची गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख पुरा करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं, कारण प्रस्तुत लेखकाची उपजीविका तेथलीच आहे. वर्षानुवर्षें भरती न झाल्यामुळें महाराष्ट्रांतील महाविद्यालयें मोठ्या प्रमाणांत तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर चाललीं आहेत. पदव्या पूर्ण, पात्रता-परीक्षा उत्तीर्ण, वय चाळिशीकडे झुकलेलें, आणि वेतन मात्र घेतलेल्या तासांपुरतें. उन्हाळ्यांत तास नाहींत म्हणून पैसे नाहींत. जूनमध्यें पुन्हां नेमणूक होईल कीं नाहीं याची शाश्वति नाहीं. लग्न ठरत नाहीं, कर्ज मिळत नाहीं. हेच अध्यापक विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याच्या समितीवर नेमले जातात! ज्याच्या पायाखालीं जमीन नाहीं त्यानें दुसऱ्यास स्थिर उभें राहण्याचे धडे द्यावे, यापरता उपहास कोणता? त्यांचें मानसिक आरोग्य एका ओळींत सुधारतां येईल. ती ओळ कायम नेमणुकीच्या आदेशांत लिहावी लागेल.

मग करावें काय? आमच्या मतें पांच गोष्टी कराव्या, आणि त्या सर्व मालकाच्या व सरकारच्या हातच्या आहेत. पहिली, पगार ठरल्या दिवशीं. दुसरी, कामाचे तास ठरलेले, आणि त्यानंतर आलेला हुकूम दुसऱ्या दिवशींचा समजला जावा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारनें आपल्या कचेऱ्यांस पांच दिवसांचा आठवडा दिला. परंतु ज्यांस विश्रांतीची गरज अधिक ते पोलीस व दवाखान्यांतील कर्मचारी त्यांतून वगळले गेले. त्यांस दोन दिवसांची नसली तरी एक दिवसाची खात्रीची सुटी द्या. तिसरी, रिकाम्या जागा भरा. दोघांचें काम एकावर टाकून त्यास कार्यक्षमता म्हणूं नका. चौथी, अपमान व छळ यांच्या तक्रारीस खात्याच्या शिडीबाहेरचें दार द्या : त्या खात्याशीं संबंध नसलेली समिति, ठराविक मुदतींत निर्णय, आणि तक्रारदारास सूडापासून संरक्षण. पांचवी, मनाच्या आजारासाठीं घेतलेली रजा ही तापाच्या रजेसारखीच समजा. सेवापुस्तकांत तिचा डाग पडूं देऊं नका. या पांच गोष्टी झाल्यावर योगाचे वर्ग खुशाल भरवा, व्याख्यातेही बोलवा. पहिल्या रांगेंत बसून टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही असूं.

शेवटीं या मासिकाच्या वाचकांशीं दोन शब्द. आपणांपैकीं कित्येक नोकर आहेत, पण कित्येक कोणाचे तरी साहेबही आहेत : मुख्याध्यापक, शाखाधिकारी, विभागप्रमुख, जिनिंगचे मालक, दुकानदार, किंवा निदान घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईचे मालक. सरकारी कायद्याची वाट न पाहतां आपण आजच कांहीं करूं शकतों. हाताखालच्या माणसास चारचौघांत बोलण्याऐवजीं खोलींत बोलावून बोलणें यास पैसा लागत नाहीं. रजेच्या अर्जावर त्याच दिवशीं होय किंवा नाहीं लिहिण्यास समिति लागत नाहीं. कामवाल्या बाईस महिन्यांतून चार सुट्या पगारासह देण्यास शासननिर्णय लागत नाहीं. आणि घरीं परतलेला मुलगा गप्प बसलेला दिसला तर "जरा धीर धर, सर्वांनाच करावें लागतें" असें म्हणण्यापूर्वीं "तिकडे काय चाललें आहे?" असें विचारण्यास तर कांहींच लागत नाहीं.

दीडशें वर्षांपूर्वीं शहाण्यासुरत्या माणसांस पटगी व देवी हे दैवाचे कोप वाटत. पुढें कळलें कीं त्यांपैकीं एकाचें कारण विहिरीच्या पाण्यांत आहे; तेव्हां लोकांनीं रोग्यास धीर देणें सोडलें नाहीं, पण पाणीही शुद्ध केलें. नोकरांच्या मनाच्या बाबतींत आपण अजून रोग्याच्या उशाशीं बसून उपदेश करीत आहों, आणि विहीर तशीच आहे. ती उपसण्याचें काम रोग्याचें नव्हे. ज्याच्या मालकीची ती आहे, त्याचें आहे.